कितवा आलास?

पहिली दहा किलोमीटरची शर्यत पळून घरी आलो तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते आणि गळ्यात पदक होतं. शहाण्या माणसानं ते काढून खिशात ठेवलं असतं. मी मात्र रिक्षात बसल्या बसल्या ते शर्टाच्या बरोबर मधोमध येईल असं दोनदा सरकवून घेतलं होतं. सोसायटीच्या फाटकात वॉचमन खुर्चीतून उठला आणि त्यानं चक्क सलाम ठोकला.

"साहेब, कितवा नंबर?"

"यात नंबर असा नसतो," मी म्हणालो. "पूर्ण केली की सगळ्यांनाच देतात."

"सगळ्यांनाच?" त्याचा हात सावकाश खाली आला आणि तो परत खुर्चीत बसला.

वर आईनं दार उघडलं. तिनं पदक हातात घेऊन उलटं-सुलटं केलं, वजनाचा अंदाज घेतला.

"कितवा आलास?"

"एक हजार तीनशे सातवा."

"पळायला किती होते?"

"असतील दीड हजार."

आई जरा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "पोहे केलेत. गरम आहेत तोवर खाऊन घे." दहावीच्या गणिताच्या पेपरनंतर एवढ्या हळुवार आवाजात ती माझ्याशी प्रथमच बोलत होती.

तब्येतीसाठी पळायला लागलो असं मी लोकांना सांगतो. खरं कारण पीएमटी. तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो. पुण्यात डेक्कनला बस स्टॉपवरून हलली आणि मी मागे पळालो. चाळीस मीटर असेल फार तर. कंडक्टरनं चांगुलपणानं घंटी मारून बस थांबवली, तिथंच घोटाळा झाला. बस सुटली असती तर मी पुढच्या बसनं निमूट घरी गेलो असतो. वर चढलो आणि पुढचे दोन स्टॉप मला बोलताच येईना. कंडक्टर विचारतोय "कुठं?" आणि मी दांडीला धरून नुसता हातानं 'थांबा, सांगतो' करतोय. एक कॉलेजची मुलगी उठली आणि म्हणाली, "काका, बसा तुम्ही." मी बसलो. त्या सीटवर 'ज्येष्ठ नागरिक' असं लिहिलेलं होतं.

आठवडाभरात मी तळजाईच्या टेकडीवर धावणाऱ्या एका ग्रुपमध्ये नाव घातलं. सकाळी सव्वापाचला जमायचं. सव्वापाच म्हणजे सव्वापाच. लग्नाच्या मुहूर्तालाही न सापडणारी शिस्त मला तिथं अंधारात, हाफ पँटमध्ये पाहायला मिळाली. कोचनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "ईझी रन म्हणजे शेजाऱ्याशी बोलता येईल इतक्याच वेगानं पळायचं. बोलता येईनासं झालं की समजा वेग जास्त झाला." जगभर हीच कसोटी सांगतात, आणि शास्त्र म्हणून ती बरोबरही असेल. पुण्यात मात्र ती चालत नाही. इथं माणसं चढावर, पावसात, पायात गोळा आलेला असतानाही मेट्रोचं काम, आंब्याचे भाव आणि समोरच्याचं कुठं चुकतंय यावर बोलू शकतात. आमच्या ग्रुपात अडुसष्ट वर्षांचे एक निवृत्त काका आहेत. तळजाईच्या चढावर ते माझ्या शेजारून जाता जाता मॅरेथॉन 42.195 किलोमीटरचीच का, हे समजावून सांगतात. 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापाशी सुरू करायची होती आणि राजघराणं बसायचं त्या सज्जासमोर संपवायची होती. ते अंतर भरलं 26 मैल आणि 385 यार्ड. पुढं 1921 मध्ये तेच कायम झालं. "म्हणजे बघा," काका म्हणाले, "हाफ मॅरेथॉनमध्ये एकवीस किलोमीटर झाल्यावर शेवटी जे 97 मीटर जास्तीचे पळावे लागतात ना, ते इंग्लंडच्या राजाच्या सोयीसाठी." तोवर ते वळणापलीकडे गेलेले होते. वाक्याचा शेवट मला झाडांतून ऐकू आला.

मग आले बूट. दुकानात त्यांनी मला पट्ट्यावर पळवलं, मागून पावलांचं चित्रीकरण केलं आणि ते संथ गतीनं मलाच दाखवलं. चव्वेचाळीस वर्षं मी माझ्या टाचा मागून पाहिल्या नव्हत्या, आणि ते बरंच झालं होतं. "तुमचं ओव्हरप्रोनेशन आहे," तो पोरगा गंभीरपणे म्हणाला. पाऊल टेकलं की घोटा आत कलतो, एवढाच त्याचा अर्थ. पण सांगण्याची पद्धत अशी होती की घरच्यांना बोलावून घ्यावंसं वाटलं. बूट नऊ हजारांचे. घरी आल्यावर बायकोनं बूट न पाहता आधी बिलच पाहिलं. मी तिला हिशेब करून दिला, बँकेत असल्यामुळे तेवढं जमतं: जोडा साधारण सहाशे किलोमीटर चालतो, म्हणजे किलोमीटरला पंधरा रुपये पडले.

"म्हणजे रिक्षाएवढेच झाले," ती म्हणाली. "आणि रिक्षात बसायला मिळतं."

आईचा आक्षेप वेगळा होता. तिची मावशी आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर, दरवर्षी, प्लास्टिकच्या चपलेत चालत जायची. "पालखीत कोण बघतं रे कुणाचा घोटा कुठं कलतोय?" मी अॅबेबे बिकिलाचं नाव काढलं नाही. 1960 मध्ये रोमला ऑलिंपिकची अख्खी मॅरेथॉन त्यानं अनवाणी जिंकली, हे या घरात कळलं असतं तर बूट दुसऱ्या दिवशी दुकानात परत गेले असते.

सहा महिन्यांत ग्रुपची भाषा यायला लागली. 'आज लाँग होता', 'उद्या टेम्पो आहे', 'परवा फार्टलेक'. लाँग म्हणजे लांबचं पळणं, टेम्पो म्हणजे जरा जोरात, एकसारख्या वेगानं पळणं. फार्टलेक हा स्वीडिश शब्द आहे आणि त्याचा अर्थ वेगाशी खेळणं असा आहे, हे मी जेवणाच्या टेबलावर नववीतल्या मुलीला तीनदा समजावलं. तिचं हसू थांबलं नाही. आमच्या घरात आता तो शब्द उच्चारायला बंदी आहे.

घड्याळाचं व्यसन लागलं ते वेगळंच. उपग्रहावरून अंतर मोजणारं घड्याळ हातात आलं की माणूस अंतरासाठी पळायचा थांबतो आणि आकड्यासाठी पळायला लागतो. घरापाशी आलो आणि घड्याळात 4.93 दिसलं, की मला जिना चढता येत नाही. पार्किंगमध्ये, स्कूटरींच्या मधून, जिथं काकू बेडशीट वाळत घालत असतात तिथून, पाच पूर्ण होईपर्यंत फेऱ्या. वॉचमन मान वळवत राहतो. एकदा त्यानं बायकोला विचारलं, "साहेबांचं काही हरवलंय का?"

शिवाय चालणं लपवणं आलं. कोचनं मला चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं असं लावून दिलं होतं. अमेरिकेचा जेफ गॅलोवे हा स्वतः ऑलिंपिकमध्ये धावलेला माणूस. पळणं-चालणं-पळणं या पद्धतीचा त्यानं जगभर प्रसार केला. म्हणजे पद्धत चांगली प्रतिष्ठित आहे. पण सकाळी कालव्याच्या रस्त्यानं पळताना समोरून ऑफिसातलं कुणी येतं, ते नेमकं माझ्या चालण्याच्या मिनिटात. तोंडानं 'गॅलोवे, गॅलोवे' म्हणून काही उपयोग नसतो. मी बुटाची नाडी सोडून परत बांधतो. त्या वर्षी माझ्या नाड्यांइतकी कष्टाळू वस्तू घरात दुसरी नव्हती.

माझ्या आयुष्यातला सर्वांत वेगवान किलोमीटर पाच मिनिटं बारा सेकंदांचा आहे. तो त्याच कालव्याच्या रस्त्यावरच्या एका तपकिरी कुत्र्याच्या नावावर जमा व्हायला हवा. कुत्र्यासमोर पळू नये, शांत उभं राहावं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पायांना माहीत नव्हतं. इंटरव्हल म्हणजे मध्येच ठरवून जोरात पळायचा तुकडा. संध्याकाळी घड्याळातली नोंद पाहून कोचचा मेसेज आला: 'इंटरव्हल छान जमला. असाच आठवड्यातून एकदा करा.'

खाण्याचा भाग मात्र आईनं आपल्याकडे घेतला. त्याआधी तीन वर्षं डॉक्टरांच्या सांगण्यावरून माझा भात एका वाटीवर आला होता आणि तो तिला स्वतःचा अपमान वाटत होता. आता मी सांगितलं की लांब पळायच्या आदल्या दिवशी पिष्टमय पदार्थ भरपूर खायचे असतात. त्यांची साखर स्नायूंत आणि यकृतात साठते, आणि ती संपली की पाय अचानक शिशाचे होतात. याला कार्ब लोडिंग म्हणतात.

"म्हणजे भात," आई म्हणाली.

"हो, भात, बटाटा, साबुदाणा..."

"साबुदाणा?" ती उठून उभीच राहिली. वर्षानुवर्षं 'साबुदाण्यात काय आहे, नुसता स्टार्च' असं ऐकवणाऱ्या मुलाच्या तोंडून हे आलं होतं. त्या शनिवारी मला खिचडीचे तीन डाव वाढले गेले, वर दाण्याचं कूट. रविवारी बोपदेव घाटात मला त्यातला दाणा न् दाणा आठवला.

बोपदेव म्हणजे कोंढव्याहून सासवडकडे जाणारा घाट. साताऱ्याच्या शर्यतीची तयारी करणारे पुणेकर पावसाळ्यात तिथं घसे कोरडे करायला जातात. कारण आता मी साताऱ्याला नाव नोंदवलं होतं. सातारा हिल हाफ मॅरेथॉन 2012 पासून होते. गावातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला लागायचं आणि तिथून वळून त्याच रस्त्यानं परत. ती पळाल्याशिवाय आमच्या ग्रुपात माणसाला हाफवाला मानत नाहीत. सपाटीवरच्या हाफ मॅरेथॉनचा विषय निघाला की काका विचारतात, "मध्ये चढ कुठं होता?"

बोपदेवच्या पहिल्या पावसातल्या लाँग रनची एक गोष्ट सांगायला नको, पण पळणाऱ्यांत ती कधी ना कधी निघतेच. भिजलेला टी-शर्ट अठरा किलोमीटर अंगावर घासत राहिला तर काय होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घाट उतरून चहाच्या टपरीपाशी आलो तेव्हा पांढऱ्या टी-शर्टावर छातीपासून खाली दोन लाल रेघा ओघळल्या होत्या. टपरीवाला किटली खाली ठेवून म्हणाला, "साहेब, गाडीनं उडवलं का?" घरी गरम पाणी अंगावर पडलं तेव्हा मी जो सूर लावला, तो ऐकून खालच्या मजल्यावरून फोन आला. नंतर ग्रुपमध्ये कळलं की सगळे निघताना व्हॅसलीन लावतात. सगळे. दीड वर्षात माणसं आंब्याच्या भावावर बोलली, पण हे कुणी बोललं नव्हतं.

ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सुरी खुपसल्यासारखं दुखायला लागलं. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, "आयटी बँड." कमरेपासून गुडघ्याखालपर्यंत मांडीच्या बाहेरून एक जाड पट्टा असतो, तो आवळला की असं होतं. मी नोकरी बँकेत केली आणि दुखणं आयटीचं मिळालं. त्यांनी एक फोमचा जाड रूळ आणायला सांगितला. त्यावर मांडी ठेवून अंग पुढं-मागं सरकवायचं. रोज रात्री मी दिवाणखान्याच्या फरशीवर त्या रुळावर आडवा पडून कण्हत असायचो आणि आई मालिकेचा आवाज वाढवायची. एकदा जाहिरातींच्या मध्ये ती म्हणाली, "पोळी लाटतात तसं लाटून घ्यायचं, आणि त्याचेही पैसे?" दोन आठवडे पळणं बंद. त्या दोन आठवड्यांत मी घरात इतका चिडचिडा झालो, की ज्या बायकोनं बुटांच्या बिलावरून मला ऐकवलं होतं तीच एका पहाटे म्हणाली, "जा ना बाबा, पळून ये कुठंतरी."

साताऱ्याला आई बरोबर आली. "मी भावाकडे चाललेय, तुझं पळणं बघायला नाही," हे तिनं शिरवळच्या चहाला आणि नंतर पुन्हा वाढे फाट्याला स्पष्ट केलं. मामाचं घर समर्थ मंदिराच्या अलीकडे. मामानं कंदी पेढ्यांचा पुडा पुढं केला आणि चौकशी सुरू केली.

"किती पळायचं?"

"एकवीस किलोमीटर."

"कुठनं कुठं?"

"इथून घाट चढून कासच्या रस्त्याला, आणि परत."

"परत हितंच?"

"हो."

मामानं थोडा विचार केला. "मग जायाचंच कशाला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पुढचा प्रश्न बक्षिसाचा आला. बक्षीस नाही, उलट मी भाग घ्यायचे पैसे भरलेत, हे सांगितल्यावर मामानं आईकडे पाहिलं. 'हा लहानपणापासून असाच का?' असा काहीतरी त्या बघण्याचा अर्थ होता. मग तो म्हणाला, "आमच्या माण तालुक्यातली मोहीची पोरगी बघ, ललिता बाबर. तिला म्हणत्यात पळणं."

म्हणतातच. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत ती धावली. ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीत अंतिम फेरी गाठणारी भारतीय बाई त्याआधी 1984 साली झाली होती, पी. टी. उषा. ललिता दहावी आली.

"दहावी," आई म्हणाली. "मग पदक?"

"नाही मिळत. तिघींनाच."

आईनं काही म्हटलं नाही, पेढा मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला. पण रात्रभर मला ते टोचत राहिलं. दुष्काळी माणातून उठून जगात दहावी आलेल्या बाईच्या गळ्यात त्या दिवशी काही पडलं नाही, आणि माझ्या कपाटाच्या दाराला आतून पाच पदकं लटकतात. एकातही माझ्या पुढं हजाराच्या खाली माणसं नव्हती. दार उघडलं की ती एकमेकांवर आपटून देवळासारखी वाजतात. बायकोनं त्यांना हातमोजा घातलाय.

पहाटे पोलीस परेड ग्राउंडवर हजारो माणसं, भुरभुर पाऊस, आणि फिरत्या संडासांपुढच्या रांगा. शर्यतीआधीच्या या रांगेइतकी समता मी दुसरीकडे पाहिली नाही. पोलीस अधिकारी, कॉलेजची पोरं, डॉक्टर, सगळे एकाच चेहऱ्यानं उभे होते. मी दोनदा जाऊन आलो. तिसऱ्यांदा नुसता सवयीनं उभा राहिलो.

शर्यत सुटली आणि नेहमीप्रमाणे मी सुरुवातीचे दोन किलोमीटर दुसऱ्याच कुणाच्या तरी वेगानं पळालो. पोवई नाक्याला ढोल-ताशा, दोन्ही बाजूंना माणसं, लहान पोरं टाळी द्यायला हात पुढं करून उभी. अशा वेळी आपण पंचेचाळिशीचे आहोत हे कोण लक्षात ठेवतो? मी प्रत्येक पोराला टाळी दिली. एकाच्या हातात वडापाव होता, तरी दिली.

बोगद्यापलीकडे घाट लागला आणि उत्सव संपला. चढ फार उभा नाही, पण थांबत नाही. वळण आलं की वाटतं इथं संपणार, आणि वळणामागं तेवढाच चढ धुक्यात जाताना दिसतो. खाली सातारा, समोर अजिंक्यतारा असतो म्हणतात. मला पुढच्या माणसाच्या पोटऱ्या दिसत होत्या. माझ्या वेळेचा झेंडा घेतलेला पेसर, म्हणजे ठरलेल्या वेगानं पुढं पळून इतरांना वेळ राखून देणारा माणूस, चौथ्या किलोमीटरला धुक्यात गेला तो गेलाच. केनियाचा मॅरेथॉनपटू एलियड किपचोगे याला 2019 मध्ये व्हिएन्नाला तब्बल 41 पेसर होते, आळीपाळीनं त्याला वारा लागू न देणारे. पूर्ण मॅरेथॉन त्यानं 1 तास 59 मिनिटं 40 सेकंदांत संपवली. एवढ्या मदतीमुळे ती अधिकृत विक्रमात धरत नाहीत. मला एकच पेसर होता आणि तोही सोडून गेला, तर माझा काय तो विक्रम धरा.

मग माझ्या शेजारून एक फेटेवाला गेला. डोक्याला भगवा फेटा, खांद्यावर झेंडा, पाय अनवाणी. त्याच्या मागून शाळेच्या गणवेशाच्या पँटमधला एक मुलगा. त्याच्या मागून आमचे काका, "डावीकडनं चला, डावीकडं चढ कमी आहे" असं सांगत. सगळ्यांनी मला ओलांडलं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही हे खोटं आहे. फेटेवाल्याचं वाटलं.

पण खरी गंमत पुढं आली. आठव्या किलोमीटरच्या आसपास आमच्यातलं पळणं संपलं आणि उरले ते सगळे एकाच जातीचे लोक: चार पावलं पळणारे, दहा चालणारे, आणि कॅमेरावाला दिसला की अचानक हरणासारखे उड्या मारणारे. कराडच्या एका मास्तरांनी मला मीठ लावलेला उकडलेला बटाटा दिला. नाशिकहून आलेल्या दोन बहिणी भांडत होत्या, कारण धाकटीनं मोठीला न विचारता तिचंही नाव नोंदवलं होतं. पळताना ताकदीसाठी खायची ती गोड जेलची पाकिटं मी सोडून दिलीत, काकवीत खोकल्याचं औषध कालवल्यासारखी लागतात. त्यांच्याऐवजी खिशात राजगिऱ्याची चिक्की होती, पावसानं तिचा लाडू झाला होता. आम्ही पाचजणांनी तो वाटून खाल्ला. पुढच्या बाजूला पळणाऱ्यांना हे मिळत नसणार. त्यांना एकमेकांची पाठ तेवढी दिसते. रस्त्याच्या कडेला एक आजी इरलं पांघरून उभ्या होत्या. आम्हाला पाहून ओरडल्या, "पळा की! चालायलाच आलाय व्हय?" आम्ही पाचही जण वळणापर्यंत पळालो. वळल्यावर थांबलो.

वळसा घेऊन उतरायला लागलो तेव्हा घड्याळात 1 तास 38 मिनिटं झाली होती. उतार सोपा असतो असं ज्यांना वाटतं त्यांनी तो पळून पाहावा. चढताना दम लागतो. उतरताना प्रत्येक पाऊल मांडीनं अडवून धरावं लागतं, आणि बुटात पुढं सरकलेली नखं दर पावलाला आत आपटतात. दोन्ही अंगठ्यांची नखं मी साताऱ्याला दान केली, एक दिवाळीत गळलं, एक नंतर. तेराव्या किलोमीटरला घड्याळ दोन तासांच्या जवळ आलं. किपचोगेचे 42 संपले ते एवढ्या वेळात.

समर्थ मंदिरापाशी पाऊस वाढला. मी मान खाली घालून फक्त रस्त्याचा पांढरा पट्टा बघत होतो. कुणीतरी "बाळ्याऽऽ" अशी हाक मारली. साताऱ्यात बाळ्या शेकड्यानं असतील म्हणून मी मान वर केली नाही. खरं तर मान वर होतच नव्हती. मैदानाच्या फाटकातून आत शिरलो तेव्हा शेवटची कमान दिसली, आणि कमानीच्या अलीकडे घड्याळानं एकवीस पूर्ण झाल्याची घंटी वाजवली. ते राजाचे 97 मीटर उरले होते. ते मी इंग्लंडच्या सगळ्या पिढ्यांची आठवण काढत पार केले.

कमानीवरचं घड्याळ 3 तास 1 मिनिट दाखवत होतं. पण तो ढोबळ वेळ. बंदूक उडते तेव्हापासून मोजलेला. आपण गर्दीतून सरकत सुरुवातीच्या रेषेपाशी पोहोचतो, बिबमागची, म्हणजे छातीवरच्या नंबराच्या कागदामागची, चिप तिथून मोजायला लागते, तो निव्वळ वेळ. माझा निव्वळ वेळ 2 तास 57 मिनिटं 41 सेकंद. पगाराचा आकडा विचारला तर माणूस ढोबळ सांगतो आणि पळण्याचा विचारला तर निव्वळ. इतक्या वर्षांच्या नोकरीत याहून नेटका हिशेब मी पाहिलेला नाही.

पदक घेतलं, केळं खाल्लं. फोटोत मी दोन्ही हात वर केलेत असं मला आठवतं, पण प्रत्यक्षात एकच वर आहे आणि तोही घड्याळ बंद करायला. मामाच्या घराच्या पाच पायऱ्या मी कठड्याला धरून उलटा उतरलो, कारण दार रस्त्यापेक्षा खाली आहे आणि मांड्या पुढून उतरू देईनात. रस्त्याच्या कडेला बसलेलं कुत्रं माझ्याकडे बघत होतं. भुंकलंही नाही.

आत आई भाकरी करत होती. ओली छत्री दारात उघडी ठेवलेली. मी उत्तर तयार ठेवलं होतं: एकूणात चार हजार दोनशे सत्तेचाळिसावा, पण वयोगटात बराच वर, आणि हे निव्वळ वेळेनुसार, आणि घाट धरता ते वाईट नाही. पदक हातात धरून उभा राहिलो. तिनं ते पाहिलं आणि परातीतलं पीठ पुढं ओढलं.

"हाक मारली तर बघत का नाहीस रे?"

"तू होतीस ती? समर्थ मंदिरापाशी?"

"मामा म्हणाला चल बघून येऊ, म्हणून गेले." तिनं भाकरी थापायला घेतली. "तू गेलास, मग तिथंच उभी राहिले. मागून किती येतायत ते मोजत होते."

"मोजत होतीस?"

"तीनशे बारा झाले. मग मामाला चहा हवा होता म्हणून निघालो. अजून येतच होते."